उन्हात छापलेली रुक्मा

मित्रांनो, भिलाईच्या रिसाली भागातल्या एका घरात लोखंडी कपाटावर मी पालथी पडलेली असते. आल्यागेल्याला वाटतं, ही भिंतीवरून उतरवलेली जुनी फोटोची चौकट असावी. तसं नाही. माझ्यात फोटो लावत नाहीत, माझ्यात फोटो छापतात. मसाला लावलेला कागद घ्यायचा, त्यावर निगेटिव्ह ठेवायची, दोन्ही माझ्या काचेला घट्ट दाबायची आणि मला उन्हात नेऊन ठेवायचं. बाकीचं काम ऊन करतं. चार वर्षं मी हे काम मानाने केलं. आणि मग एका बाईचा चेहरा माझ्याच काचेखाली नाहीसा झाला. आजवर हे कुणी मला विचारलं नाही. तुम्ही विचारलंत असं समजून सांगते.

मला घडवलं जानराव मेश्राम यांनी. जानराव भिलाईच्या कारखान्यात पॅटर्न शॉपमध्ये होते. लोखंड ओतायच्या आधी त्या वस्तूचा हुबेहूब लाकडी नमुना करावा लागतो. तसे नमुने करण्यात त्यांची तेहेतीस वर्षं गेली. भंडाऱ्याकडून विशीत आले ते इथलेच होऊन गेले. निवृत्त झाल्यावरही त्यांचे हात स्वस्थ बसत नसत. शेजाऱ्याचा पाट, कुणाच्या देव्हाऱ्याची दारं, विहारातल्या पुस्तकांचं कपाट, असं काही ना काही चालूच असायचं.

त्यांची एकुलती एक मुलगी आम्रपाली दुर्ग स्टेशनवर रिझर्वेशनच्या खिडकीत बसते. एकदा ती रायपूरला दोन दिवसांचं शिबिर करून आली. तिच्या हातात एक निळा कागद होता. त्यावर कडुनिंबाची डहाळी पांढरी उमटली होती.

"बाबा, ये देखो! बिना कॅमेऱ्याचा फोटो. मले एक चौकट करून द्या ना. मागून अर्धीच उघडली पायजे, म्हंजे कागद न हलवता डोकावून पाहता येते."

जानरावांनी कागद उलटसुलट करून पाहिला. "अर्धीच कावून?"

तिने समजावून सांगितलं. त्यांनी तिसऱ्या दिवशी पॉवर हाऊस भागातल्या बाजारातून मोडक्या पलंगाची एक सागवानी पट्टी आणली. तिची मी झाले. माझे कोपरे खिळ्यांशिवाय सांधले आहेत. पाठीवर दोन पल्ल्यांची फळी आहे, मधे बिजागऱ्या आहेत, वर फळी दाबून धरणाऱ्या दोन लोखंडी कमानी आहेत. आतून जुन्या घोंगडीचा तुकडा चिकटवला आहे. सगळं झाल्यावर जानरावांनी माझ्या काचेखाली कागद ठेवला, कमानी दाबल्या आणि मला जोरजोराने हलवलं. कागद केसभरही सरकला नाही. त्या दिवशी त्यांनी दोनदा चहा मागितला.

मग आमची गच्ची आणि भिलाईचं ऊन. आम्रपाली अंधाऱ्या खोलीत कागदाला पिवळट-हिरवा मसाला ब्रशने लावायची, अंधारातच वाळवायची आणि निगेटिव्हसकट मला बाहेर आणायची. ऊन लागलं की कागद राखाडी पडायचा. मग तो पाण्यात. पिवळं पाणी वाहून जायचं आणि निळा रंग उरायचा. पाणी नितळ होईपर्यंत धुवायचं, हा या कामातला सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग. वीस मिनिटं. कधी पंचवीस.

याच सुमारास ती एका मंडळात गेली. 'उन्हाचं टपाल' असं त्याचं नाव. बारा जण, बारा घरं. अमरावतीचे धनंजय नावाचे गृहस्थ ते चालवत. दर तीन महिन्यांनी एक विषय ठरायचा. प्रत्येकाने हाताने केलेला एकेक फोटो बाकी अकरा जणांना पोस्टाने पाठवायचा. कुणी बीटच्या रसावर छापायचं, कुणी हळदीवर, कुणी मीठ आणि चांदीच्या क्षारावर. मंडळाचे नियम तीनच होते. फोटोचा मोबाइलने फोटो काढायचा नाही, कारण तो हातात घेऊनच पाहायचा. ज्याच्याकडे येईल त्याने काय दिसलं ते पत्राने कळवायचं. आणि एकदा दिलेला फोटो परत मागायचा नाही.

पाकिटं येऊ लागली. आम्रपाली ड्युटीवरून आली की आधी टेबलावर पाहायची. जानरावही चष्मा लावून एकेक फोटो उजेडाला धरायचे. "हे कोकनातलं दिसते. इतकी हिरवळ आपल्याकडं कुठची!" माझी स्तुतीही पत्रांतून यायची. एकाने लिहिलं होतं, तुमच्या फोटोची कड इतकी धारदार कशी येते? आम्रपालीने उत्तरात लिहिलं, माझ्या वडिलांच्या हातची चौकट आहे. ते वाक्य तिने त्यांना वाचून दाखवलं होतं.

या बारा जणांत प्रेमला देशपांडे नावाच्या एक बाई होत्या. शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. राहायला दुर्गच्या पद्मनाभपुरात, म्हणजे आमच्या घरापासून पंधरा-वीस मिनिटांवर. तरी चार वर्षांत दोघी एकदाही भेटल्या नाहीत. मंडळाची रीत पत्राची, म्हणून दोघीही पत्रच लिहीत राहिल्या. प्रेमलाबाई गोड बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. एका पत्रात त्यांनी लिहिलं, "तुमचं काम स्वच्छ आहे. पण या कागदांत मला कोणी भेटत नाही. सगळं कंप्युटरवरून उतरवून आणलेलं वाटतं."

ते खरंच होतं. आम्रपाली मोबाइलमधली चित्रं पारदर्शक कागदावर काढून आणायची आणि त्यांवरून छापायची. पण ते वाक्य तिला फार लागलं. चार दिवस ती पत्र पर्समध्ये घेऊन फिरत होती.

आणि नेमका पुढचा विषय आला, 'घरातली जुनी निगेटिव्ह'.

घरात तशी एकच होती. पोस्टकार्डाएवढी, जाड, कडेने पिवळी पडलेली, रुक्माची. रुक्मा म्हणजे जानरावांची बायको, आम्रपालीची आई. आम्रपाली चौदा महिन्यांची असताना तापाने गेली. तिचा कागदावरचा फोटो वाळवीने खाल्ला होता. लग्नाच्या फोटोत चेहऱ्यापुढे हार आला होता. पुढे कधीतरी कारखान्याच्या वसाहतीतल्या स्टुडिओवाल्याने दुकान बंद केलं, तेव्हा जानराव जाऊन ही निगेटिव्ह मागून घेऊन आले. तेव्हापासून ती नोकरीच्या कागदांच्या पेटीत, बटर पेपरात गुंडाळलेली होती.

"नाई," जानराव म्हणाले.

"बाबा, फक्त एक दिवस."

"नाई म्हनलं ना."

ती आठवडाभर मागत राहिली. शेवटी त्यांनी पेटी उघडली. त्या सकाळी ते बहिणीकडे अहिवाऱ्याला निघाले होते. बहिणीचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, दोन दिवस तिच्याजवळ राहणार होते. पिशवी खांद्याला अडकवूनच ते म्हणाले, "पयले सुपेल्याच्या स्टुडिओत याची कॉपी काढ. मंग काय करायचं ते कर. अन् पयला फोटो मले दाखवजो. पोस्टात टाकाच्या आधी."

"हो बाबा."

तिने 'हो' म्हटलं तेव्हा मी टेबलावरच होते. ती खोटं बोलत नव्हती. तिला खरंच तसं करायचं होतं.

पण ऑगस्टचा शेवट होता. तीन दिवस ऊन पडलं नव्हतं, ते नेमकं त्या शनिवारी बारा वाजता पडलं. दोनला तिची ड्युटी होती. सुपेल्याला जाऊन कॉपी काढून यायचं तर ऊन हातचं गेलं असतं. ती गच्चीच्या दारात उभी राहिली, आभाळाकडे पाहिलं आणि रुक्माला माझ्या काचेखाली ठेवलं.

मित्रांनो, फोटो छापताना माणसाचा चेहरा माझ्या काचेच्या अगदी जवळ येतो. मी रुक्माला जवळून पाहिलं आहे. चौदा मिनिटं.

फोटो सुरेख उतरला. आजवरचा सगळ्यात सुरेख. आम्रपाली पाण्याच्या ट्रेवर वाकली आणि स्वतःशीच पुटपुटत राहिली, "सावल्या मस्त आल्या. हाताजवळ जरा जास्तच पांढरं झालं. पण चालते." मग तिने घड्याळ पाहिलं. पाच मिनिटं धुतला असेल-नसेल तोच फोटो बाहेर काढला, टिपकागदात दाबला, वर इस्त्री फिरवली. पाकिटावर पहिला पत्ता लिहिला तो प्रेमलाबाईंचा. कोणी भेटत नाही म्हणाल्या होत्या ना! एक वाजता ते पाकीट तिच्याबरोबर घराबाहेर पडलं. जानराव तेव्हा अहिवाऱ्यात बहिणीच्या उशाशी बसले असतील.

दुसऱ्या दिवशी आणखी दहा फोटो करायचे होते. हवा दमट होती, कागद वाळता वाळत नव्हते. अकराच्या सुमारास ढग फाटले. तिने कागदाच्या पाठीला बोट लावून पाहिलं, पाठ कोरडी होती. पुढची बाजू अजून ओलसर होती. ती तिने पाहिली नाही. मला ती ओल कळली. घोंगडीला कळली. पण आम्ही काय बोलणार? कमानी दाबल्या गेल्या. ऊन येत-जात राहिलं, म्हणून तिने मला चाळीस मिनिटं बाहेर ठेवलं. माझी काच तापली. आतल्या आत कागदाची ओल निगेटिव्हच्या थरात शिरली आणि दोन्ही एकमेकांना धरून बसली.

तिने माझी फळी उघडली. अर्धी उघडल्यावरच तिच्या लक्षात आलं. तेव्हा थांबायला हवं होतं. तसंच थंड पाण्यात सोडून दिलं असतं तर कदाचित काही वाचलं असतं. पण घाबरलेलं माणूस ओढतं. तिने ओढलं. कागद सुटला, निगेटिव्हही सुटली, पण रुक्मा कुठल्याच बाजूला धड राहिली नाही. चेहऱ्याच्या जागी साल निघाल्यासारखा एक पारदर्शक डाग उरला.

जानराव सोमवारी आले. आम्रपालीने चहा दिला आणि उभ्यानेच सांगितलं. निगेटिव्ह खराब झाली, एवढंच सांगितलं. शनिवारी एक फोटो छापला होता आणि तो पोस्टात गेला, हे तिला सांगता आलं नाही. पहिला फोटो मला दाखव म्हणून ते सांगून गेले होते ना.

जानरावांनी ती फिल्म खिडकीशी नेऊन धरली. बराच वेळ धरली. मग बटर पेपरात गुंडाळून पेटीत ठेवली, हात धुतले आणि जेवायला बसले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, असं मला वाटतं. त्यानंतर पाकिटं आली की ते चष्मा शोधेनासे झाले.

आठच दिवसांत प्रेमलाबाईंचं पत्र आलं. या वेळी कागदात मला एक बाई भेटली, असं त्यात लिहिलं होतं. आम्रपालीने ते वाचलं, घडी घातली आणि बाबांच्या हाती लागू नये म्हणून माझ्या फळीच्या आत, घोंगडीखाली सरकवून ठेवलं. मला कपाटावर टाकलं. फोटो परत मागायचं तिच्या मनात रोज यायचं. पण मागायचा तर सगळं लिहावं लागणार, आणि लिहायचं ते नेमकं प्रेमलाबाईंना. लाजेखातर तिने सप्टेंबर जाऊ दिला. ऑक्टोबर जाऊ दिला.

दिवाळीच्या सुट्ट्यांत जानरावांनी मला खाली उतरवलं. बिजागऱ्या कुरकुरत होत्या, त्यांना तेल द्यावं म्हणून. फळी उघडली तर पत्र. ते त्यांनी तिथेच उभ्याने वाचलं. मग खुर्चीवर बसून पुन्हा वाचलं.

आम्रपाली घरी आली तेव्हा पत्र त्यांच्या मांडीवर होतं.

"बेटा, ही प्रेमला कोन होय?"

तिने खांद्यावरची पर्स खाली ठेवली.

"ह्या बाईनं रुक्माले पाहिलं म्हन्ते."

"बाबा, मी..."

"फोटो झालता?"

"झालता. एक."

"मंग मले कावून नाई सांगितलं?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "दोन महिने झाले. मी इथंच हाओ ना, याच घरात."

आम्रपाली जमिनीवर बसून रडली. जानरावांनी तिला रडू दिलं. मग म्हणाले, "बोलाव त्या बाईले. नियम-फियम राहू दे."

धनंजयरावांकडून फोन नंबर मिळाला. प्रेमलाबाई त्याच रविवारी आल्या. ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या, स्कूटीवरून आलेल्या. हातात पुठ्ठ्यात बांधलेला फोटो होता. दारातच त्या म्हणाल्या, "भाऊ, मला माफ करा. काय झालं मला समजत नाही. खिडकीशेजारी लावला होता. हळूहळू गडद होत गेला. मला वाटलं, माझेच डोळे गेले."

पुठ्ठा उघडला. आत निळा कागद होता. एका कडेला पदराची एक रेघ ओळखता येत होती. बाकी सगळं निळं. त्या निळ्यात कुणी उभं आहे, असं सांगितलं तरच वाटावं.

आम्रपालीने कागदाची कड पाहिली. तिथे अजून पिवळट झाक होती. "तुमची चूक नाही, मॅडम. मी नीट धुतलाच नाही. मसाला आत राहिला अन् उजेडानं निळा होत गेला."

"मोबाइलवर काढून तरी ठेवला असता मी," प्रेमलाबाई म्हणाल्या. "नियम म्हणून नाही काढला."

जानरावांनी कागद बाजूला ठेवला आणि खुर्ची पुढे ओढली. "बाई, तुमी तं पाहिलं ना? नवा होता तवा. मंग सांगा."

प्रेमलाबाई आधी अवघडल्या. मग त्यांनी डोळे मिटून घेतले. शाळेतल्या मुलांना पान कसं पाहायचं ते शिकवत आयुष्य गेलेली बाई ती. म्हणाल्या, "उभा फोटो. मागे पडदा, त्यावर रंगवलेला जिना. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला. केस घट्ट बांधलेले, पण डाव्या कानापाशी एक बट सुटलेली. हसू येत होतं, पण दाबून धरलेलं."

"हसू नाई ते," जानराव म्हणाले. "फोटोवाला तिले घडी घडी हनुवटी वर कर म्हने. तिले राग आलता." आणि ते स्वतःच हसले. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

"असेल. भुवई चढलेली होती खरी. आणि उजवा हात पोटावर. असा, सगळी बोटं पसरून. मला तोच हात लक्षात राहिला. तेव्हाच मनात आलं, की..." त्या थांबल्या. आम्रपालीकडे पाहिलं.

"बरोबर हाय," जानराव म्हणाले. "सातवा महिना लागलता."

आम्रपालीने मान वर केली. "पोटात मी होते?"

"मंग दुसरं कोन?"

"मले तो हात दिसला होता बाबा," ती अगदी हळू म्हणाली. "जास्त पांढरा झाला, एवढंच मनात आलं. मी तेवढंच पाहिलं. चेहरा कसा होता, आता आठवून राहिली तं आठवतच नाही."

प्रेमलाबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. जानराव उठले, खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. त्यांची पाठ आमच्याकडे होती.

"तू समजते, मी माह्यासाठी रुसून बसलो," ते म्हणाले. "मी तं तिले पाहिलं हाय बेटा. दोन वर्षं रोज पाहिलं. मले कायले पायजे फोटो? थो मी तुह्यासाठी ठेवला होता."



प्रेमलाबाई आता अधूनमधून येतात. जानरावही रुक्माबद्दल बोलू लागले आहेत, पूर्वी कधी बोलत नसत. तिला पोहे आवडत नसत, ती रागावली की भांडी घासायला बसायची, असं काहीबाही. आम्रपाली सगळं ऐकते, मधेच एखादी गोष्ट पुन्हा विचारते. पण मित्रांनो, ऐकलेली आई आणि पाहिलेली आई एक होत नाही. हे तिला ठाऊक आहे आणि मलाही. त्यानंतर तिने माझ्यात काही छापलेलं नाही. मला तिचा राग नाही. फक्त निगेटिव्ह चिकटली त्या रविवारी मला कुरकुरता तरी यायला हवं होतं, असं उगाच वाटत राहतं.

तुमच्याही घरात एखाद्या पेटीत असा एखादा तुकडा असेल. तो वापरायचा तर आधी त्याची कॉपी काढा. ओलं ते वाळू द्या, धुवायचं ते पुरतं धुवा. फोटो आपल्याला कसा साधला ते मागाहून पाहा. कोण उभं आहे, ते आधी पाहा. आणि पहिला फोटो घरात जो वाट पाहत असेल त्याच्या हातात द्या, रात्रभर त्याच्यापाशी राहू द्या. पोस्ट दुसऱ्या दिवशीही उघडतं.